तांबड्या वेशीची बाई

१२ ऑक्टोबर २००३

गौराक्का, शरणु.

पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझं डोकं फिरलं असंल. फाडायचं तर फाड, पण वरची तिकिटं आधी अरुणाताईंना काढून घेऊ दे, त्यांना हौस हाय.

घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर कोडोलीच्या सोप्यात सगळ्यांदेखत वाचलं गेलं असतं. फोनचं तर बोलायलाच नको. केला की तुझं सासरं उचलतात. "मामा, अक्काला द्या की," म्हटलं तर म्हणतात, "ती पूजेला बसलीया." सकाळी केला तरी पूजा, सांजचं केला तरी पूजा. एवढी पूजा मठातल्या स्वामींनीबी केली नसंल. म्हणून हे अरुणाताईंच्या शिवण क्लासवर पाठवतोय. तू तिथं शिकवायला जातीस आन् तिथं तुझं सासरं गणपतराव येत न्हाईत, एवढं मला पुरतं.

त्या दिवशी तू म्हणालीस, आजपासनं तू माझा भाऊ न्हाईस. तुझ्यासाठी बसवेशचं स्थळ मी तुझ्या सासऱ्यांच्या पुढ्यात काढलं ते तुला लागलं. मी अजून म्हणतो, पुढ्यात काढलं तेच बरं केलं. कानात सांगितलं असतं तर लपवायसारखं काहीतरी हाय असं झालं असतं. ते भांडण तसंच ऱ्हाऊ दे. मी ते मिटवायला लिहीत न्हाय.

लिहितोय ते वेगळ्याच कामापायी. आपल्या अंबाबाईच्या जत्रंला तंबूतला सिनेमा यायचा. अव्वा गेल्यावर घरात तूच मोठी, पण आप्पा पैसे एकाच तिकिटाचे द्यायचे. तू सिनेमा बघून यायचीस आन् घुंगरं ओवता ओवता मला त्याची गोष्ट सांगायचीस. मी फुंकणी तोंडात धरून चांदीच्या सांध्यांना डाक लावत बसायचो. गोष्टीत मारामारी आली की माझी फुंक वाढायची आन् पैंजणाची कडी जळायची. आप्पा म्हणायचे, "गौरे, नुसती गाणी सांग, चांदी वाचू दे." तर आता हिथं मी एक गोष्ट बघतोय आन् सांगायला कोण न्हाय.

मी कोरियात हाय. सिऊल म्हणून मोठं शहर, त्याच्यापासनं दोन तासांवर आमचा कारखाना. मालक पार्क साहेब. जुन्या राजांच्या काळातल्या मालिका असतात त्यांना लागणारे दागिने, समया, पेले, सगळं हिथं बनतं. अंबाड्यात आडवी खुपसायची चांदीची सळई असते, ती माझ्याकडं. नक्षी बघून पार्क साहेब मान हलवतो, बोलत न्हाय. पासपोर्ट त्याच्याच कपाटात हाय, त्यामुळं काळजी नको.

आता एक मोठी मालिका चाललीया. सेटवर दागिने पोचवायला मला पाठवतात. रेशमाचे घोळदार झगे घातलेल्या बाया, पुरुषांच्या डोक्यावर जाळीच्या काळ्या टोप्या, आन् मधोमध एका वाड्यापुढं तांबडी वेस. दोन खांब, वर आडव्या फळ्या, सगळं रक्तासारखं तांबडं. राजा अशी वेस कुणालाबी देत न्हाय. ज्या घरची विधवा दुसरं लग्न न करता सासरी ऱ्हाती, त्याच घरापुढं उभी करतात.

ते ऐकलं आन् मला कोडोलीच्या सोप्यातली फ्रेम आठवली. शाल, श्रीफळ, मानपत्र, 'आदर्श स्नुषा', आन् फोटोत तू खाली बघत उभी.

पुढची गोष्ट ऐकायची असंल तर कळव. नसंल तर नको कळवू, मी सांगणारच हाय.

संगू


९ नोव्हेंबर २००३

गौराक्का, शरणु.

तुझं उत्तर न्हाय. अरुणाताईंची चार ओळींची चिठ्ठी आली. लिहितात, "तिनं पत्र वाचलं, ब्लाऊजच्या कापडाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, राजानं वेस काढून घेतली तर त्या घराचं काय होतं, विचारा त्याला. मी विचारलं असं लिहू नका म्हणाली." म्हणून मी अरुणाताईंना सांगतोय असं समज आन् तू नुसतं ऐक.

वेस काढली तर घराची अब्रू जाती आन् दिवाणकीबी जाती. त्या विधवेचा सासरा राजाचा दिवाण हाय. दुसरा एक दिवाण हाय, त्याला ती जागा पायजे. त्याची बायको लई हुशार. रंगवलेल्या पंख्याआडनं बोलती, हसती कमी. तिच्याकडं एक तरणा सरदार येत-जात असतो. दिसायला राजबिंडा, चित्रं काढतो, कविता म्हणतो, आन् गावभर त्याच्या भानगडी. ती त्याच्याशी पैज लावती. तांबड्या वेशीतल्या बाईला तुझ्या नादाला लाव. ती वेशीबाहेर आली की माझं काम झालं, आन् तू मागशील ते तुझं.

मला हे सगळं थापा सांगतो. थापा नेपाळचा, माझ्याच खोलीत ऱ्हातो. हिथं त्याला बरीच वर्षं झाली, भाषा पक्की. ते हिंदीत सांगतो, मी मनात मराठी करतो, म्हणून थोडं इकडंतिकडं झालं तर समजून घे.

आता माझी एक गंमत. पार्क साहेबानं त्या विधवा बाईच्या कमरंला लावायचं लटकन करायला दिलं. रेशमाचा गोंडा, वर चांदीचं फुलपाखरू. मी काम झकास केलं आन् सवयीनं खाली बारकी घुंगरं लावली. आपल्या हुपरीत कुठला दागिना मुका असतो? सेटवर बाई चालायला लागली, आन् छुमछुम. आवाज धरणाऱ्यानं कानातलं काढून फेकलं. दिग्दर्शक बाई हाय, बारकी, पण आवाज असा की आपल्या बाजारातल्या बांगडीवालीला मागं सारंल. ती थापाला म्हणाली, "ह्या बाईनं चालायचं ते कुणाला कळता कामा नये. कुणी केलं हे?" थापानं माझ्याकडं बोट दाखवलं. लई मैतर माझा.

घुंगरं तोडायची तर समोरनं आधीच शूटिंग झालंतं, दिसलं असतं. मग मी तिथंच जमिनीवर बसून एकेका घुंगरात मेण भरलं. आता दिसायला घुंगरं, हलतात, चमकतात, पण बोलत न्हाईत. विधवेचं काम करणारी बाई माझ्याकडं बघून हसली आन् वाकून नमस्कार केला. नटी हाय मोठी. मी मान खाली घालून मेणाचे हात पँटीला पुसत बसलो.

थंडी पडायला लागलीया. बाहेर जास्त फिरत न्हाय. कारखाना, खोली, सेट. तुझ्या सासूबाईंची तब्येत कशी हाय? लकव्याच्या माणसाला थंडीत जपावं लागतं.

संगू


१४ डिसेंबर २००३

अक्का, शरणु.

तुझं पत्र आलं. एवढ्या महिन्यांनी तुझं अक्षर बघितलं आन् त्यात शिव्याच हाईत, तरी बरं वाटलं.

लिहितीस, "तुझा सरदार तुझ्यापाशी ठेव. बयाबाई वन्सं सांगत होत्या, तुझ्या बसवेशनंबी हुपरीत पानपट्टीवर पैज लावलीया, कोडोलीची सून आणून दाखवतो म्हणून. तू त्याचा दोस्त. खरं काय ते सांग. खोटं लिहिलंस तर ही शेवटची चिठ्ठी."

सांगतो. बयाबाईंनी ती पानपट्टी कधी बघितलीया का? तिथं बसवेश उभाच ऱ्हात न्हाय, त्याला तंबाखूचा वास सोसत न्हाय. आन् पैज लावायला तोंड लागतं. त्या सरदाराचं तोंड बघ, चांदणं बघून एक बोलतो, बर्फ बघून दुसरं. आपला गडी तुझ्या सोप्यात बसलाता, आठवतं? चहा आला. गणपतराव मिशीवरनं हात फिरवत बघत होते, बयाबाई दाराआड, मी लग्नाचं बोललेलो, घर सगळं गप्प. आन् हा इतक्या वेळात एकच वाक्य बोलला, "चहात आलं जरा जास्त झालंय." मी कपाळावर हात मारला. बाहेर आल्यावर म्हटलं, "आरं बसव्या, दुसरं काय सुचलं न्हाय व्हय?" तर म्हणतो, "खरं जास्त झालंतं की." हा माणूस पैज लावणार?

आता एक सांगतो जे त्यानं सांगू नको म्हटलंतं. चन्नाप्पा भावजी गेल्यावर तू हुपरीला आलीतीस. रात रात झोपायची न्हाईस, दुपारी थोडा डोळा लागायचा. पॉलिशची मोटर तुझ्या खोलीला लागूनच. तेव्हा बसवेश आप्पांकडंच कामाला. त्यानं एके दिवशी मोटर उचलून मागं लिंबाखाली नेली. वायर ओढून, वर पोतं बांधून, उन्हात बसून पैंजणं घासायचा. आप्पा म्हणाले, "का रं, आत काय साप निघाला?" तर म्हणाला, "मोटर आत तापतीया मालक." तू सासरी परत गेलीस त्याच दिवशी मोटर पुन्हा आत. आप्पांना कळलंतं असं मला वाटतं. त्याच्या पाठीवर पाणी मारायला मला बाटली दिली, लई भाजलंतं त्याचं.

त्याची बायको नांदली न्हाय हे खरं. तिला हुपरीत ऱ्हायचं नव्हतं. ह्यानंच तिला पुण्याला भावाकडं नेऊन पोचवलं, कागद करून दिले, आन् येताना तिच्या भावाच्या घरी जेवून आला. लोक हसले. हसू देत.

तुला वाटतंय ते मी समजतो. माणूस गोड बोलत आला तर भ्या वाटतं, आन् बोललाच न्हाय तर जास्त वाटतं. पण मला विचारशील तर न बोलणाऱ्याला मी दहा वर्षं बघितलंय.

मालिकेत आता त्या सरदाराची गंमत झालीया. बाईला फसवायला गेला आन् स्वतःच अडकला. तिच्या वेशीबाहेर बर्फात उभा ऱ्हातो, आत जायचं धाडस होत न्हाय. पंखेवाली त्याला टोमणे मारती, "पैज हरलास काय रे?" तो म्हणतो, "पैज कुठली?" थापा म्हणतो, हिथं बाया घरोघर रडणार.

पार्क साहेबानं आता नवीन काम दिलंय, चांदीची बारकी सुरी. मुठीवर चाफ्यासारखं फूल. जुन्या काळी तिकडल्या घरंदाज बायका कमरंला बाळगायच्या म्हणे. कशापायी ते मी अजून विचारलं न्हाय.

थापा गेले आठ-धा दिवस खोलीवर न्हाय. गावाला गेला असंल.

संगू


१८ जानेवारी २००४

अक्का, शरणु.

तुझं लांबडं पत्र वाचून मी एकटाच हसत बसलो. म्हंजे तू माझी गोष्ट सासूबाईंना सांगतीस व्हय. त्यांच्या पायाला तेल लावताना रोज थोडी थोडी. मी पत्र तुला घातलं आन् गिऱ्हाईक धोंडुबाई निघाल्या.

त्यांचं बोलणं तू लिहिलंस तसं माझ्या डोळ्यापुढं आलं. अर्धं तोंड वाकडं झालंय तरी, "त्या पंखेवालीच्या झिंज्या उपटाया पायजेत." आन् सरदाराला, "बर्फात कशाला मरतोय मुडदा, आत जाऊन बोल की सासऱ्याला." आन् त्यांनी विचारलं, "गौरे, तिला सासू न्हाय का गं कुणी?" त्या मालिकेत सासू न्हाय. मेलीया आधीच.

शेवट काय होतो म्हणून त्या तुझ्या मागं लागल्यात. तू लिहितीस, "लवकर कळव, त्या जेवत न्हाईत."

अक्का, मला शेवट ठाऊक हाय. मागल्या पत्राच्या आधीपासनंच थापाकडनं थोडा ठाऊक होता. हिथं शूटिंग क्रमानं होत न्हाय, मधलं आधी, शेवटचं मधी. मी लिहिलं न्हाय, कारण मला वाटलं हे वाचून तू कवाड लावून घेशील आन् म्हणशील, बघ, बाहेर पाय टाकला की हेच होतं. मी दुसरा शेवट जुळवायला बसलोतो. सरदार होडी घेऊन येतो, दोघं दुसऱ्या मुलखात जातात, तिथं ती शिवण क्लास काढती. लिहिलं आन् वाचलं तर मलाच खोटं वाटलं. तू तर पहिल्या ओळीला पकडलं असतंस.

तर खरा ऐक. दरबारात बोभाटा होतो. राजाची माणसं चौकशीला येणार. बाई वेशीबाहेर गेली न्हाय, नुसतं सरदाराच्या पत्राला हो म्हणालीया, तरी घर हादरतं. सगळी वडीलधारी मंडळी ओळीनं बसतात. कोण ओरडत न्हाय, कोण मारत न्हाय. सासरा एक ताट पुढं सरकवतो. त्यावर पांढरं कापड, कापडावर मी केलेली सुरी. वेस वाचवायची तर चौकशीच्या आधी बाई गेली पायजे. बाई सगळ्यांना वाकून नमस्कार करती, सुरी घेऊन आत जाती. दार बंद. बाहेर वेशीवर बर्फ पडत ऱ्हातं.

शूटिंगचा तो तुकडा झाल्यावर नटी बाहेर आली, कागदी कपातनं कॉफी प्यायला लागली, माझ्याकडं बघून सुरीच्या फुलावर बोट ठेवलं आन् "छान" अशी खूण केली. ती सुरी मी रिठ्याच्या पाण्यानं उजळलीती, तसं आपल्याकडं नव्या नवरीचे पैंजण उजळतो.

सासूबाईंना सांगायचं का न्हाय ते तू ठरव. जेवत न्हाईत म्हणालीस म्हणून लिहिलं.

पोलिसांच्या गाड्या हिथं हल्ली वाढल्यात. थापाचं काय झालं ते कळलं. त्याला नेपाळला पाठवला.

संगू


२२ फेब्रुवारी २००४

अक्का, शरणु.

तुझं पत्र आन् अरुणाताईंचं, दोन्ही एकाच पाकिटात आली. तुझं बारकं, त्यांचं चार पानी. तुझं आधी वाचलं, मग त्यांचं, मग पुन्हा तुझं.

अरुणाताई त्या दिवशी मापं द्यायला तुमच्या घरी आल्यात्या हे माझं नशीब, न्हाय तर तू हे सगळं एका ओळीत उरकलं असतंस. त्या लिहितात, धोंडुबाईंनी शेवट ऐकला आन् तेलाचा हात झिडकारला. म्हणाल्या, "त्यांना हाक मार." गणपतराव आत आले. त्यांना खाली बसवलं आन् तुला म्हणाल्या, "सांग परत. ताटापासनं सांग." तू सांगितलंस. गणपतराव म्हणाले, "टीव्हीतलं खूळ हाय हे. परदेशातल्या राजांचं आपल्याला काय?"

धोंडुबाई म्हणाल्या, "त्यांनी सुरी ठेवली. आपण फ्रेम लावली."

अरुणाताई लिहितात, गणपतराव मिशीवरनं हात फिरवत होते, तो हात खाली आला. मग गणपतराव म्हणाले, "आपण तिला काय कमी केलं? लेकीसारखी ठेवली." तर धोंडुबाई म्हणाल्या, "लेक असती तर चन्नाप्पाच्या वर्षश्राद्धानंतर दुसरं घर बघितलं असतं तुमी. बया नवरा सोडून आली तवा तिला गावातच दुसरं घर बघून दिलं का न्हाय? मी आज हाय, उद्या न्हाय. मग ही कुणाचे पाय चोळणार? तुमचे? आन् हिचे कोण चोळणार?"

गणपतराव उठले, चपला घातल्या, शेतावर गेले. सांजच्याला आले. पाणी प्यायले आन् अरुणाताईंना, तुला न्हाय, म्हणाले, "हुपरीच्या पावण्यांना निरोप द्या. आमच्यात विधवेच्या उडकीच्या लग्नाला बाईच्या पाठीशी माहेरचा पुरुष उभा लागतो. तो उभा राहिला तर राजीखुशीनं दिली. न्हाय तर लोक म्हणतील, पाटलाची सून पळून गेली. तसं झालं तर मी वेशीत तोंड दाखवणार न्हाय."

आन् मग तुझी चिठ्ठी. "बसवेशला मी दोन वेळा भेटले, अरुणाताईंच्या घरी. बोलत न्हाय हे खरं हाय. पण विचारलं ते सांगतो. मी तयार हाय. पण आप्पा न्हाईत, चुलते न्हाईत, माहेरचा पुरुष म्हंजे तू एकटा. तू माझ्या घरात बोलणं काढलंस आन् दुसऱ्या आठवड्यात विमानात बसलास. मामांची नजर, वन्संचे टोमणे, सगळं मी एकटीनं सोसलं. तू उभा राहशील तर मी उडकीला बसते. न्हाय तर न्हाय. दुसऱ्या कुणाला उभं करणार न्हाय."

अक्का, आता मला लिहावं लागतंय ते मी पहिल्या पत्रापासनं लिहिलं न्हाय. पासपोर्ट पार्क साहेबाच्या कपाटात हाय हे खरं, पण त्यातला व्हिसा मी आलो त्याच्या तीन महिन्यांनीच संपलाय. हिथं माझ्यासारखे लई. कामं सगळे देतात, कागद कोण देत न्हाय. मधी मी बाहेर फिरत न्हाय म्हटलं ते थंडीनं न्हाय. स्वतःहून विमानतळावर गेलं तर जाऊ देतात, दंडबी माफ करतात, पण मग परत ह्या देशात पाय ठेवता येत न्हाय. 

आन् हिथं मला आवडतंय. हे तुला सांगायला लाज वाटतीया, पण आवडतंय. शाळा सातवीत सोडली, उचगावच्या वर्कशॉपला सहा महिने टिकलो न्हाय, इचलकरंजीचा माग सोडला, मुंबईहून पळून आलो. तू म्हणायचीस, तुझ्या पायाला काय बांधलंय रं. हिथं पहिल्यांदा एका जागी बसावंसं वाटलं. पार्क साहेबानं पुढच्या मालिकेसाठी राणीचा मुकुट माझ्याकडं देतो म्हटलंय. मुकुट, अक्का. हुपरीत कुणी केलाय का?

तुझं बरोबर हाय. मी काडी लावून गेलो. आन् तुझा हट्टबी बरोबर हाय. पण मला थोडे दिवस दे. हो म्हणायचं तर मी नुसतं पत्रात म्हणणार न्हाय.

संगू


१९ मार्च २००४

गौराक्का,

हे विमानतळावरच्या एका ऑफिसात बाकड्यावर बसून लिहितोय. टाकणार न्हाय, बरोबर आणतोय. तिथं माझ्या तोंडून हे नीट निघायचं न्हाय म्हणून लिहून ठेवतोय.

पार्क साहेबाला सोमवारी सांगितलं. माझी भाषा मोडकी, थापा न्हाय. मुकुटाचा कागद त्याच्या टेबलावर पसरलेला होता. मी त्यावर बोट ठेवून हात हलवला, मग विमानाची खूण केली. त्याला वाटलं पगार वाढवून मागतोय. त्यानं आकडा लिहिला. मी नको म्हटलं. अजून मोठा लिहिला. मी पुन्हा नको म्हटलं. मग त्यानं पेन्सील ठेवली. कपाट उघडून पासपोर्ट दिला. दारापर्यंत आला. त्याची बायको त्याला काहीतरी रागानं बोलत होती, मला वाटतं माझ्याबद्दलच, पण तिनंच मला वाटंत खायला भाताचे गोळे बांधून दिले.

मालिकेचं काम अजून चालूच हाय. परवा सेटवरचा एकजण सांगत होता, वरच्या लोकांना शेवट आवडला न्हाय, बदलायचं चाललंय. बदलला का न्हाय ते मला आता कळायचं न्हाय. सासूबाईंनी विचारलं तर तसंच सांग.

आत्ताच माझा नंबर येऊन गेला. खिडकीमागं एक पोरगेलासा अधिकारी. पासपोर्ट उघडला, तारखा बघितल्या, इंग्रजीत विचारलं, तू पकडला गेला न्हाईस, काम होतं, मग का चाललास? मला इंग्रजीत उडकी सांगता येईना. कोरियनमधी मला जे येतं ते सांगितलं. अक्काला हिथं 'नूना' म्हणतात. म्हटलं, "नूना. लग्न." आन् उठून त्याला दाखवलं, असं मागं उभं ऱ्हायचं, हात पुढं धरून. मागच्या रांगेतले हसले. तो न्हाय हसला. त्यानं विचारलं, "तू एकटाच भाऊ?" मी मान हलवली.

त्यानं शिक्का उचलला. मी डोळे मिटले न्हाईत, बघितलं. आता परत येणं न्हाय असा तो शिक्का. मग त्यानं पासपोर्ट दोन्ही हातांनी धरून मला दिला. हिथं मोठ्या माणसाला तसं देतात.

अक्का, तिकीट मी पुन्हा पुन्हा चाचपून बघतोय. कुठनं पळून जाताना असं कधी केलं न्हाय. परत येताना करतोय.

मुंबईत उतरलो की अरुणाताईंना फोन लावून तुला एवढं सांगणार हाय. तारीख धरा. बसवेशला म्हणावं कोल्हापूरच्या स्टँडवर ये, आन् काय बोलायचं ते आधी पाठ करून ये. मामांना म्हणावं, माहेरचा माणूस निघालाय. आन् साडी अजून घेऊ नको. ती भावानं घ्यायची असती. तू हिरवी म्हणशील, मी जांभळी म्हणीन, आन् दुकानदाराच्या पुढ्यात आपलं भांडण व्हायचं बाकी हाय.